सराफी दहापट भिंग : करडीच्या वावरातले तीन हिवाळे

सोन्याचांदीच्या कारागिरांची हत्यारे विकणाऱ्या दुकानात स्टीलच्या आवरणात दुमडून ठेवता येणारे एक छोटे भिंग मिळते. हिऱ्यातला डाग आणि दागिन्यावरचा शिक्का पाहण्यासाठी सराफ ते वापरतात. मी मात्र ते गेले तीन हिवाळे परभणी जिल्ह्यातील करडी, धने आणि रब्बी ज्वारीच्या वावरांत, एकमेकींसारख्या दिसणाऱ्या सिरफिड माश्या, म्हणजे हवेत एका जागी तरंगणाऱ्या फुलांवरच्या माश्या, वेगळ्या ओळखण्यासाठी वापरत आलो आहे. त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे. भिंग दहापट मोठे दाखवणारे असून त्याची काच २१ मिमी व्यासाची आहे, आणि छत्रपती संभाजीनगरच्या सराफ्यात ते मला ६५० रुपयांना मिळाले. त्याच्या जोडीला मी एक वीसपट भिंग, ऑनलाइन मागवलेले एक स्वस्त भिंग आणि मोबाईलला चिमट्याने लावायचे मॅक्रो भिंग वापरून पाहिले आहे, त्यामुळे तुलनाही ओघाने येईल.

आधी प्रश्न असा की, माशी ओळखायला भिंग लागतेच कशाला. डिसेंबर-जानेवारीत करडीच्या शेंड्यांवर काळा मावा चढतो आणि त्याच्या मागोमाग पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माश्या हवेत एका जागी तरंगताना दिसू लागतात. या माश्यांपैकी अनेक जातींच्या अळ्या मावा खातात. अळी हिरवट, बिनपायांची आणि पुढच्या बाजूला निमुळती असते, आणि पानावरची कोणतीही अळी ही पिकाची वैरीणच असा आपल्याकडे समज असल्याने पुष्कळदा तिच्यासाठीच फवारा मारला जातो. माशीची गत त्याहून वेगळी नाही. शेजारच्या आखाड्यावरच्या काकांनी मला पहिल्या वर्षी बाटलीत माशी धरून बसलेला पाहिले आणि विचारले, "गुरुजी, गांधीलमाशी धरून काय बघायलात? चावंल ना!" मी भिंग त्यांच्या हाती दिले. बराच वेळ पाहून ते एवढेच म्हणाले, "दोनच पंख हैत की हिला." मधमाशीला आणि गांधीलमाशीला चार पंख असतात, माशीला दोन, मागच्या पंखांच्या जागी टाचणीच्या डोक्यासारखी दोन इवली संतुलके उरलेली असतात. स्पर्शिका आखूड, डोळे डोक्याचा बहुतेक भाग व्यापणारे, आणि डंख मुळीच नाही. करडीवर फुलोरी मधमाश्याही भरपूर येत असल्याने हा पहिला भेद पक्का करून घेणे आवश्यक असते, पण त्यासाठी भिंग असलेच पाहिजे असे नाही. भिंगाचे काम त्याच्या पुढे सुरू होते.

खरेदीचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी फसगत आहे. पहिले भिंग मी ऑनलाइन घेतले होते. त्याच्या आवरणावर '३० × २१' असे ठसठशीत कोरलेले होते आणि किंमत दीडशे रुपयांच्या आत होती. तीसपट म्हणजे माशीच्या पायाचा केस न् केस दिसेल अशी माझी कल्पना झाली. प्रत्यक्षात त्यातून करडीचे फूल जेवढे मोठे दिसे तेवढेच नंतर घेतलेल्या दहापट भिंगातूनही दिसू लागले, तेव्हा मला शंका आली. पडताळा घेणे अगदी सोपे आहे. आलेखाच्या कागदावरची १ मिमीची चौकट एका डोळ्याने भिंगातून पाहावी आणि दुसऱ्या डोळ्याने २५ सेंमी अंतरावर धरलेली मोजपट्टी पाहावी. दोन्ही चित्रे एकमेकांवर आली की ती चौकट पट्टीवर किती मिलिमीटर भरते ते वाचता येते. माझी भरली जेमतेम नऊ. दुसरी रीतही तेच सांगते: भिंगातून वस्तू स्पष्ट दिसते ते अंतर मिलिमीटरमध्ये मोजून २५० ला त्याने भागावे. माझ्या 'तीसपट' भिंगाचे अंतर २७ मिमीच्या आसपास होते, म्हणजे हिशेब पुन्हा नवावरच आला. खऱ्या तीसपट भिंगातून पाहायचे तर वस्तू काचेपासून आठ-साडेआठ मिलिमीटरवर आणावी लागेल, आणि एवढ्या जवळ जिवंत माशी बसून राहत नाही. तेव्हा आकडा पाहून भिंग घेऊ नये, अंतर मोजून घ्यावे. दुकानात मोजपट्टी मागितली तर कोणी नाही म्हणत नाही.

आता मूळ भिंगाकडे येतो. त्याच्या आत तीन काचा एकमेकींना चिकटवून बसवलेल्या आहेत. एकेरी काचेच्या भिंगात वस्तूच्या कडेला निळी-तांबडी झाक येते आणि मध्यभाग स्पष्ट असला तरी कडा वाकड्या दिसतात. तीन काचांची जोडणी हे दोन्ही दोष बऱ्याच अंशी दूर करते. हा फरक पुस्तकी वाटेल, पण माशीच्या बाबतीत तो निर्णायक ठरतो. सिरफिड माश्यांच्या अंगावरचा पिवळा आणि काळा रंग जिथे मिळतो ती रेघ धारदार आहे की पुसट, हीच पुष्कळदा खूण असते. भिंगच त्या रेघेला रंगीत झालर लावू लागले तर निर्णय करणार कसा? ऑनलाइन घेतलेल्या भिंगात मला ही झालर सतत दिसे. सराफी भिंगात ती अगदी कडेला, तीही लक्ष देऊन शोधली तरच दिसते.

हे भिंग वापरण्याची एक पद्धत आहे, आणि ती न पाळणाऱ्याला ते निरुपयोगी वाटेल. पंचांग पाहणाऱ्या आजोबांसारखे ते हातभर दूर धरायचे नसते. ते डोळ्याला जवळजवळ टेकवायचे, धरणारा हात गालाला टेकवायचा आणि मग दुसऱ्या हाताने वस्तू वर आणत आणत अडीच सेंमीवर आणायची. पाठ उजेडाकडे नव्हे, तोंड उजेडाकडे असावे. माशी मी होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या दोन ड्रामच्या काचेच्या बाटलीत घेतो. सकाळी थंडीत, दव सुकण्याआधी, माश्या सुस्त असतात आणि जाळीशिवायही बाटलीत येतात. या बाटलीचा एक लाभ मला योगायोगाने कळला: माशी काचेवर चढते तेव्हा बाहेरून आपल्याला तिचे पोट आणि पायांची खालची बाजू आयती दिसते, जी फुलावर बसलेल्या माशीत कधीच दिसत नाही. वीसपट भिंग इथेच कमी पडते. त्याचे अंतर १२ मिमीच्या आसपास असल्याने बाटलीच्या अलीकडच्या काचेवर माशी असेल तोवर ठीक, ती पलीकडे गेली की दिसेनाशी होते, शिवाय दिसणारे वर्तुळ इतके लहान की पाय शोधता शोधता माशी जागा बदलून मोकळी होते. वावरात दहापटच उपयोगाचे, असा माझा अनुभव आहे.

भिंगाची खरी परीक्षा मी ज्या जोडीवर घेतली ती इस्किओडॉन स्क्युटेलारिस आणि स्फेरोफोरिया यांची. दोन्ही सडपातळ, दोन्हींच्या पोटावर पिवळे-काळे पट्टे आणि वक्षाच्या दोन्ही बाजूंना गडद पाठीवर उठून दिसणारी लिंबासारखी पिवळी किनार. दोन्ही मावा असलेल्या पिकात सापडतात. हे भिंग घेण्याआधीच्या हिवाळ्यात माझ्या वहीत या सर्व माश्या एकाच नावाखाली नोंदल्या गेल्या होत्या, आणि ती सगळी पाने मी पुढे आडवी रेघ मारून रद्द केली. भिंग हाती आल्यावर क्रम असा लागला. आधी डोक्याचा माथा पाहायचा: दोन्ही डोळे माथ्यावर एकमेकांना भिडले असतील तर नर, मध्ये पट्टी उरली असेल तर मादी. नर असेल तर माशी काचेवर चढेपर्यंत थांबायचे आणि मागच्या पायाचा उगम शोधायचा. खुबा आणि मांडी यांच्या मध्ये एक छोटा सांधा असतो. इस्किओडॉनच्या नरात या सांध्याला खालच्या बाजूस एक बारीक, बोथट टोकाचा काटा असतो, जणू पायाला कोणी आकडी लावून ठेवली आहे. स्फेरोफोरियाच्या नरात असा काटा नसतो. त्याच्या पोटाचे टोक मात्र खाली गाठीसारखे फुगलेले असते आणि पोट लांब, दोन्ही कडा समांतर. पाच मिनिटांचे काम, पण काटा एकदा दिसला की शंकेला जागा राहत नाही.

पहिल्यांदा तो काटा दिसला तो दिवस मला आठवतो. जानेवारीतली सकाळ होती, करडीचे काटे मनगटावर ओरखडे काढत होते, आणि मी वीस-पंचवीस मिनिटे चुकीच्या पायाकडे, म्हणजे मधल्या पायाकडे पाहत होतो. माशी बाटलीच्या बुचाकडे वळली, मागचा पाय ताणला गेला आणि काटा उजेडात आला. स्वस्त भिंगातून मी आधीच्या वर्षी हीच जागा पाहिली असणार, पण त्या झालरीत काटा आणि पायावरचे केस वेगळे काढता येत नव्हते. मादीला हा काटा नसतोच. तिच्यापुढे मी फार तर 'बहुधा' लिहितो आणि पुढे जातो.

काही जातींसाठी भिंग खिशातच राहू द्यावे. एपिसिर्फस बाल्टिएटस ही नारिंगी पोटाची माशी तिसऱ्या आणि चौथ्या खंडावरच्या दुहेरी काळ्या पट्ट्यांवरून, एक जाड आणि एक मिशीसारखी बारीक, उघड्या डोळ्यांनी ओळखता येते. तिच्याशी गल्लत होते ती असार्किनाची, पण असार्किनाचे पोट रुंद व चपटे असून त्यावर पट्टे एकेरी असतात. डायडिओप्सिस एग्रोटाच्या पंखावर आडवा काळसर डाग असतो, तो तर दोन हातांवरूनही दिसतो. एपिसिर्फसबद्दल एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. तिचा कोश थंडीत तयार झाला तर माशी काळपट निघते आणि उबेत तयार झाला तर फिकट. परभणीचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो त्या दिवसांनंतर निघणाऱ्या माश्या मार्चातल्या माश्यांशेजारी ठेवल्या तर जाती दोन वाटतील. रंगाच्या गडदपणावर भरवसा ठेवू नये, पट्ट्यांच्या मांडणीवर ठेवावा.

पॅरागस ही जेमतेम पाच मिलिमीटरची माशी. धन्याच्या फुलोऱ्यावर ती एवढी असते की लोक तिला चिलटे समजतात. या माशीने मला भिंगाची ताकदही दाखवली आणि मर्यादाही. वक्षाच्या शेवटी पाठीवर ढालीसारखी एक लहान चकती असते. पॅरागस सेराटसमध्ये त्या चकतीची मागची कड करवतीसारखी दातेरी असते. दहापट भिंगातून दाते मोजता येत नाहीत, पण कड गुळगुळीत नाही हे स्पष्ट कळते. वीसपट भिंगातून दाते एकेक सुटे दिसतात. वीसपट भिंग घेतल्याचे समाधान मला एवढ्याच एका जागी मिळाले. जिथे ही कड गुळगुळीत असते तिथे डोळ्यांवरचे केस पाहायचे: ते सगळीकडे सारखे पसरले आहेत, की उभ्या पट्ट्यांत वाटले आहेत. त्यावरून गट ठरतो. जात मात्र नराची जननांगे सूक्ष्मदर्शकाखाली उघडल्याशिवाय ठरत नाही, आणि खिशातल्या कोणत्याही भिंगाने ते होणार नाही. स्फेरोफोरियाच्या जातींचीही हीच कथा. मोबाईलवरचा एखादा फोटो पाहून या माश्यांना आत्मविश्वासाने पूर्ण नाव देणारे लोक मी पाहतो तेव्हा मला त्यांच्या धाडसाचे आश्चर्य वाटते.

मोबाईलला लावायच्या मॅक्रो भिंगाला मी एरवी फारसे गुण देणार नाही. चिमटा जरा सरकला की चित्र एका बाजूला धुरकट होते. दोन-तीन कॅमेरे असलेला मोबाईल जवळची वस्तू पाहून आपल्या मनानेच दुसऱ्या कॅमेऱ्यावर जातो आणि भिंग लावलेला कॅमेरा बाजूला राहतो. अंतर इतके कमी की मोबाईलची सावलीच माशीवर पडते. वाऱ्याने करडी हलली तर वीस फोटोंतला एखादा हाती लागतो. तरी एका कामासाठी मी ते जवळ बाळगतो, आणि ते काम म्हणजे पंखाच्या शिरा. शेणखताच्या खड्ड्याशी साचलेल्या पाण्याजवळ एरिस्टॅलिनसच्या माश्या येतात. त्यांच्या अळ्या अशाच घाण पाण्यात वाढतात आणि शेपटीसारख्या लांब नळीने श्वास घेतात. एरिस्टॅलिनसच्या डोळ्यांवर ठिपके किंवा पट्टे असतात, त्यांच्याइतके भिंगातून पाहण्याजोगे दुसरे काही नसेल. पण तिच्याशी दुरून गोंधळ होतो तो मेसेम्ब्रियसचा, आणि तो पंखाने मिटतो. दोन्हींत पंखाच्या मधल्या एका लांब शिरेला खाली झोळ पडलेला असतो. एरिस्टॅलिनसमध्ये मात्र पंखाच्या पुढच्या कडेजवळचा लांबट कप्पा कडेला पोहोचण्याआधीच मिटतो, मेसेम्ब्रियसमध्ये तो शेवटपर्यंत उघडा राहतो. जिवंत माशीच्या थरथरत्या पंखात ही शीर डोळ्याने धरून ठेवता येत नाही, फोटोत मात्र घरी बसून निवांत पाहता येते. बहुतेक सर्व सिरफिड माश्यांच्या पंखात मधोमध असणारी ती 'खोटी शीर', जी दोन्ही टोकांना कोणत्याच शिरेला मिळत नाही, तीही अशा फोटोत उठून दिसते.

सराफी भिंगाचे दोषही नोंदवले पाहिजेत. त्याचा फिरता सांधा ज्या स्क्रूवर आहे तो पहिल्याच हिवाळ्याच्या शेवटी सैल झाला आणि काच आवरणात न राहता लोंबू लागली. गावातल्या सोनाराने तो घट्ट करून दिला आणि पैसे घेतले नाहीत, पण ६५० रुपयांच्या वस्तूने एवढ्यात ढिले व्हायला नको होते. दोरी ओवायला भोक असले तरी त्याची कड इतकी धारदार आहे की सुती दोरी दोन महिन्यांत तुटली. आता बुटाची नाडी आहे. सोबत दिलेली कातडी पिशवी नावालाच आहे. आणि आपल्या काळ्या मातीची धूळ ही काचेची शत्रू आहे: ती कोरड्या रुमालाने पुसली तर बारीक चरे पडतात. आधी पाण्याने धुऊन घ्यावी आणि मग जुन्या धुतलेल्या धोतराच्या तुकड्याने टिपावी. माझ्या भिंगावर पहिल्या महिन्यातले दोन चरे आहेत, ते माझ्या आळसाचे. आत दिवा बसवलेली भिंगेही दुकानात होती आणि ती शंभर रुपयांनी महाग होती. ती घेऊ नयेत असे मी सांगेन, कारण चकचकीत अंगाच्या माशीवर समोरून दिव्याचा झोत पडला की पाठीवर पांढरा डाग उमटतो आणि जी खूण पाहायची ती त्याच डागाखाली जाते.

शाळेतल्या मुलांसाठी किंवा नुसत्या हौसेसाठी घ्यायचे असेल तर हे भिंग महाग वाटेल; त्यांना माझ्या फसव्या 'तीसपट' भिंगाइतके साधे भिंगही, ते नऊपटच आहे हे ठाऊक असेल तर, पुरेसे आहे. पण ज्याला वही ठेवून नर-मादी, काटा आणि ढालीची कड नोंदायची आहे त्याने तीन काचांचे दहापटच घ्यावे आणि दुकानात उभे राहून सांधा दहा वेळा उघडून-मिटून पाहावा. वीसपट भिंगाची खरेदी पॅरागस हाती लागेपर्यंत पुढे ढकलली तरी चालते. घ्यायचे असल्यास नोव्हेंबरात घ्यावे. करडीला मावा लागून पहिल्या माश्या तरंगू लागेपर्यंत भिंग डोळ्याला टेकवून धरण्याची सवय हाताला झालेली बरी, कारण तो मोसम फार तर दोन-अडीच महिन्यांचा असतो.